बर्फाची चव : एचिगोचा एक दिवसाचा रेल्वेप्रवास

जपानच्या होन्शू या सर्वांत मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर नीगाता नावाचा प्रांत आहे. त्याचे जुने नाव एचिगो असून खाद्यपदार्थ, मद्य आणि कापड यांच्या संदर्भात तेच नाव आजही आपुलकीने वापरले जाते. तांदूळ, बर्फ आणि साके या तीन गोष्टींसाठी हा प्रांत जपानभर ओळखला जातो आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टोकियोहून सकाळी निघून रात्री परतणारा एक दिवसाचा रेल्वेप्रवास होय. जाताना एक लोहमार्ग आणि येताना दुसरा निवडला, तर डोंगर, समुद्रकिनारा, भातशेतीची सपाटी आणि नदीचे खोरे यांना जोडणारे एक वर्तुळ पूर्ण होते, आणि ताटातल्या व पेल्यातल्या चवीमागचा भूगोल खिडकीबाहेर क्रमाक्रमाने उलगडत जातो.

हा भूगोल मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, कोकणात धो धो पाऊस पाडतात आणि घाटापलीकडच्या पठारावर पोहोचेपर्यंत कोरडे होतात. तोच नियम एचिगोत हिवाळ्यात लागू पडतो, फक्त तेथे पावसाच्या जागी बर्फ असतो. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना त्याच्या तुलनेने उबदार पाण्यातील बाष्प उचलतात, होन्शूच्या कण्याप्रमाणे उभ्या असलेल्या डोंगररांगांवर आदळतात आणि सारा भार अलीकडेच उतरवतात. त्यामुळे टोकियोच्या बाजूला निरभ्र आकाश व कोरडी थंडी असताना एचिगोच्या खोऱ्यांत घरांचे तळमजले बर्फाखाली जातात. या खोऱ्यांतून जाणाऱ्या ईयामा रेल्वेमार्गावरील मोरिमियानोहारा या स्थानकात १९४५ च्या फेब्रुवारीत ७.८५ मीटर उंचीचा बर्फाचा थर मोजला गेला होता.

अशा प्रदेशात वर्षातील चार-पाच महिने शेती थांबते आणि वाटा बंद होतात. साठवण, मुरवण आणि आंबवण या तीन कौशल्यांवर माणसाचे जगणे अवलंबून राहते. स्त्रिया घरात बसून ताग्यांमागून तागे विणत आणि पुरुष हिवाळ्यापुरते दूरच्या मद्यनिर्मितीच्या कोठारांत कामाला जात. मद्यनिर्मितीच्या प्रमुख कारागिराला जपानीत तोजी म्हणतात, आणि एचिगोतून बाहेर पडणाऱ्या अशा शेतकरी-कारागिरांची परंपरा ‘एचिगो तोजी’ या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात सुझुकी बोकुशी या एचिगोतीलच व्यापारी लेखकाने ‘होकुएत्सु सेप्पु’ या ग्रंथात या बर्फाळ जीवनाची तपशीलवार नोंद केली, कारण उबदार प्रदेशांतील लोकांना बर्फ ही केवळ शोभेची वस्तू वाटत होती आणि तिच्याखाली जगणाऱ्यांचे कष्ट त्यांना ठाऊक नव्हते.

फलाटावरची शिदोरी

प्रवासाचा पहिला टप्पा टोकियोहून जोएत्सुम्योको या स्थानकापर्यंतचा आहे. शिंकान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान रेल्वे, हे अंतर सुमारे दोन तासांत कापते. या टप्प्यावर न्याहारीसाठी एकिबेन घेण्याचा प्रघात आहे. ‘एकि’ म्हणजे स्थानक आणि ‘बेन’ हे बेंतो, म्हणजे डब्यात भरलेले जेवण, या शब्दाचे लघुरूप. म्हणून स्थानकावर विकली जाणारी, त्या त्या गावाच्या जिनसांनी भरलेली शिदोरी म्हणजे एकिबेन. या प्रथेचा आरंभ सामान्यतः १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्थानकात विकल्या गेलेल्या, खारवलेले उमे फळ भरलेल्या भाताच्या गोळ्यांपासून मानला जातो.

याच मार्गाच्या वाटेवर एकिबेनच्या इतिहासातील एक महत्त्वाचे ठिकाण आहे. ताकासाकीहून नागानोकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर उसुई घाट लागत असे. त्याची चढण दर पंधरा मीटरला एक मीटर इतकी तीव्र असल्याने घाटाच्या पायथ्याशी, योकोकावा स्थानकात, प्रत्येक गाडीला जादा इंजिने जोडावी लागत आणि तेवढा वेळ प्रवासी फलाटावर मोकळे असत. १९५८ मध्ये तेथे कोंबडी, शिइताके अळंबी, बांबूचे कोंब, चेस्टनट आणि लाव्याचे अंडे घातलेला भात छोट्या मातीच्या भांड्यात गरम गरम विकला जाऊ लागला, आणि ‘तोगे नो कामामेशी’, म्हणजे घाटावरचा हंडीभात, देशभर गाजला. बोरघाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने लागेपर्यंतच्या थांब्यात कर्जतचा बटाटावडा ज्या कारणाने प्रसिद्धीस आला, नेमके तेच कारण योकोकावालाही लागू पडते: डोंगराने गाडी थांबवली आणि त्या थांब्याने एक पदार्थ घडवला. १९९७ मध्ये नागानोपर्यंत शिंकान्सेन सुरू झाली, उसुई घाटातील लोहमार्ग बंद झाला आणि आता गाडी बोगद्यातून काही मिनिटांत पार होते; तरीही तो हंडीभात टिकून आहे, कारण लोकांनी त्याला त्या घाटाची आठवण म्हणून जपले आहे.

साकेची गाडी

जोएत्सुम्योको येथून सकाळी दहाच्या सुमारास ‘कोशिनो शुकुरा’ ही तीन डब्यांची डिझेल गाडी सुटते. पूर्व जपान रेल्वेने २०१४ मध्ये सुरू केलेली ही गाडी प्रामुख्याने शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी धावते. ‘कोशि’ हे या भूप्रदेशाचे प्राचीन नाव, ‘शु’ म्हणजे मद्य आणि ‘कुरा’ म्हणजे कोठार किंवा मद्यनिर्मितीची वास्तू. या नावाच्या मध्ये छापली जाणारी छोटी चांदणी तांदूळ, बर्फ आणि फुले यांचे प्रतीक मानली जाते. गाडीच्या मधल्या डब्यात स्थानिक साके चाखण्याचा कट्टा असतो आणि तेथेच जॅझ संगीताचे छोटे कार्यक्रमही होतात. साकेबरोबर ओत्सुमामी, म्हणजे मराठीत ज्याला चकणा म्हणतात तसे खारे-आंबट जिन्नस, मिळतात. ही गाडी सुमारे अडीच तासांत तोकामाची येथे पोहोचते. तिचा संथपणा हा दोष नसून हेतू आहे, कारण चाखणे ही घाईने करण्याची क्रिया नव्हे.

सुटल्यानंतर थोड्याच वेळात लागणारे ताकादा हे गाव साकेच्या इतिहासात विशेष मानाचे आहे. किण्वनशास्त्रज्ञ साकागुची किनइचिरो (१८९७–१९९४) यांचा जन्म येथे झाला. टोकियो विद्यापीठात त्यांनी सूक्ष्मजीवांच्या, विशेषतः कोजी बुरशीच्या, अभ्यासाला आयुष्य वाहिले आणि साके हा विज्ञान व संस्कृती या दोहोंचा विषय आहे हे वाचकांना समजावून सांगितले. १९६७ मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान प्राप्त झाला.

साकागुचींच्या अभ्यासाचा विषय समजण्यासाठी साके कसे तयार होते ते पाहावे लागते. मुळात जपानी भाषेत ‘साके’ हा शब्द कोणत्याही मद्यासाठी वापरला जातो आणि तांदळाच्या या मद्याला ‘निहोनशु’, म्हणजे जपानचे मद्य, असे म्हणतात. काजूच्या बोंडात किंवा द्राक्षात साखर आयतीच असते, म्हणून त्यांचा रस आपोआप आंबतो; तांदळात मात्र पिष्ट असते, साखर नसते, आणि यीस्टला पिष्टापासून मद्य करता येत नाही. ही अडचण कोजी दूर करते. वाफवलेल्या तांदळावर या बुरशीचे बीज शिंपडून तो उबदार खोलीत सुमारे दोन दिवस ठेवला की दाण्यावर पांढरी लव वाढते आणि त्यातील विकरे पिष्टाची साखर करू लागतात. हा तांदूळ, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात तीन टप्प्यांनी घातले जातात. तेथे पिष्टाची साखर होणे आणि साखरेचे मद्य होणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी शेजारी शेजारी चालतात. साखर थोडी थोडी तयार होत असल्याने यीस्ट दीर्घकाळ कार्यरत राहते आणि मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. नंतर मिश्रण दाबून गाळले जाते आणि बहुधा पाणी घालून ते प्रमाण १५–१६ टक्क्यांवर आणले जाते. फेणीप्रमाणे साके ऊर्ध्वपातित केले जात नाही, म्हणून ते जातीने वाइन व बिअरच्या जवळचे आहे. कोजीच्या साहाय्याने मद्य करण्याच्या या पारंपरिक ज्ञानाचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

बाटलीवरील काही शब्द ओळखता आले की निवड सोपी होते. तांदळाच्या दाण्याच्या बाहेरील भागात प्रथिने व स्निग्ध द्रव्ये अधिक असतात आणि त्यांनी चव जड होते, म्हणून दाणा घासून लहान केला जातो. मूळ वजनाच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरेपर्यंत घासलेल्या तांदळाचे साके ‘गिंजो’ आणि ५० टक्के किंवा त्याहून कमी उरलेल्याचे ‘दाइगिंजो’ म्हणवून घेऊ शकते. ‘जुनमाइ’ या शब्दाचा अर्थ असा की त्यात वेगळा मद्यार्क न मिसळता केवळ तांदूळ, कोजी आणि पाणी वापरले आहे. गिंजो थंड असताना फळांसारखा सुगंध देते, तर साधे जुनमाइ कोमट केल्यावर खुलते. जपानी भाषेत या तापमानांनाही नावे आहेत: ५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या साकेला ‘बर्फाइतके गार’ आणि १० अंशांच्या साकेला ‘फुलाइतके गार’ अशा अर्थाचे शब्द योजले जातात.

समुद्र आणि सौम्य पाणी

नाओएत्सु स्थानकानंतर लोहमार्ग समुद्राला बिलगतो आणि ओमिगावा या छोट्या स्थानकावर गाडी काही वेळ थांबते. फलाटाच्या कठड्याखालीच लाटा येतात, एवढे हे स्थानक पाण्याच्या जवळ आहे. येथील मासळीत ‘नोदोगुरो’, म्हणजे काळ्या घशाचा, नावाचा तेलकट मासा आणि पिकलेल्या मिरचीसारख्या रंगामुळे ‘नानबान एबी’, म्हणजे मिरची-कोळंबी, म्हणून ओळखली जाणारी गोड कोळंबी प्रसिद्ध आहे. कच्च्या कोळंबीची ही नाजूक गोडी आणि एचिगोच्या साकेची चव यांचे नाते निकटचे आहे, कारण जड व सुगंधी मद्याने ती गोडी झाकली गेली असती.

एचिगोच्या साकेच्या शैलीला ‘तानरेइ काराकुची’ म्हणतात. ‘तानरेइ’ म्हणजे हलके व स्वच्छ आणि ‘काराकुची’ म्हणजे गोडसर नसलेले. या चवीची मुळे पुन्हा बर्फातच सापडतात. बर्फ वितळून जमिनीत मुरणारे पाणी मृदू असते, म्हणजे त्यात खनिजे कमी असतात. अशा पाण्यात आणि हिवाळाभर स्थिर राहणाऱ्या कमी तापमानात यीस्ट सावकाश काम करते आणि मद्य नितळ उतरते. जोडीला तांदळाचे खास वाण आले. साकेसाठी प्रांताने विकसित केलेल्या एका वाणाला १९५७ मध्ये ‘गोह्याकुमानगोकु’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थ ५० लाख कोकु असा असून, प्रांताच्या तांदूळ उत्पादनाने तो टप्पा ओलांडल्याचे स्मरण त्यात आहे. एक कोकु म्हणजे ढोबळमानाने १५० किलो तांदूळ. मद्यनिर्मितीसाठी संशोधन करणारी प्रांताची स्वतंत्र संस्था १९३० पासून कार्यरत आहे आणि १९८४ मध्ये तरुण कारागिरांसाठी साकेची शाळाही सुरू झाली. आज या एका प्रांतात सुमारे ९० कुरा आहेत आणि संख्येच्या दृष्टीने तो जपानमध्ये पहिला आहे.

या यशाचा इतिहास रेल्वेशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाच्या टंचाईमुळे मद्यार्क व साखर मिसळून वाढवलेले साके देशभर रूढ झाले होते. १९७० च्या दशकात लोकांना त्या चवीचा कंटाळा आला. त्याच काळात राष्ट्रीय रेल्वेने आपलाच देश नव्याने पाहण्याचे आवाहन करणारी पर्यटन मोहीम चालवली आणि गावोगावच्या ‘जिझाके’ची, म्हणजे स्थानिक साकेची, ओढ शहरांत निर्माण झाली. १९८२ मध्ये नीगातापर्यंतची शिंकान्सेन सुरू झाल्यावर एचिगो राजधानीच्या शेजारी आले. तरीही देशातील साकेचा एकूण खप १९७० च्या दशकातील शिखराच्या सुमारे एक चतुर्थांशावर उतरला आहे. म्हणूनच कुरांच्या दृष्टीने गावात येऊन चाखणारा प्रवासी हा केवळ ग्राहक नसतो. ही परंपरा पुढे चालेल की नाही याचे उत्तर काही अंशी त्याच्या हातात असते.

तोकामाचीची ताटली

समुद्र सोडून गाडी आत वळते आणि जपानमधील सर्वांत लांब, ३६७ किलोमीटरच्या शिनानो नदीच्या खोऱ्यात शिरून दुपारी तोकामाचीला पोहोचते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, काठावर ज्वाळांसारखी नक्षी असलेली जोमोन काळातील मातीची भांडी याच गावाच्या परिसरात सापडली असून ती आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली आहेत. या खोऱ्यात अन्न शिजवण्याची परंपरा किती जुनी आहे, याची ती साक्ष आहे.

दुपारच्या जेवणासाठी येथे हेगिसोबा खावे. सोबा म्हणजे कुट्टूच्या, अर्थात बकव्हीटच्या, पिठाच्या शेवया. कुट्टूच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून अन्यत्र त्यात गव्हाचे पीठ मिसळतात. या बर्फाळ खोऱ्यात गहू फारसा पिकत नसे, पण फुनोरी नावाचे समुद्री शेवाळ मात्र घरोघर असे, कारण कापड विणताना सुताला खळ देण्यासाठी विणकर तेच वापरत. मागावरची ही खळ स्वयंपाकघरात आली आणि तिने पीठ बांधले. त्यामुळे या शेवया तुकतुकीत, किंचित हिरवट आणि दाताखाली लवचीक लागतात. ‘हेगि’ नावाच्या लाकडी तबकात त्यांच्या एका घासाच्या वळ्या, सुताच्या लडींची आठवण व्हावी अशा, ओळीने मांडल्या जातात. सोबाबरोबर वासाबी देण्याची रीत सर्वत्र असली, तरी वासाबी न मिळणाऱ्या या भागात मोहरी लावण्याचा प्रघात पडला. हेगिसोबाच्या एका तबकात शेती, विणकाम आणि समुद्राशी होणारा व्यापार असे तिन्ही एकत्र आलेले दिसतात.

बर्फाने घडवलेले इतर पदार्थही येथे भेटतात. ‘नोप्पे’ हा अळकुड्या, गाजर, अळंबी यांचा मंद शिजवलेला रस्सा असून अळकुडीच्या चिकटपणामुळेच तो दाट होतो आणि सणासुदीला घरोघर केला जातो. म्योको भागातील ‘कानझुरी’ या चटणीसाठी मिरच्या कडाक्याच्या थंडीत काही दिवस बर्फावर पसरून ठेवतात, त्यामुळे त्यांचा कडवटपणा उतरतो, आणि नंतर कोजी, मीठ व युझु या लिंबूवर्गीय फळासह त्या तीन वर्षे मुरवतात. गोडात ‘सासादांगो’ असते: चिकट तांदळाच्या पिठात योमोगी ही सुगंधी पाने घालून, आत अझुकी कडधान्याचे गोड पुरण भरून, ते सासा बांबूच्या पानात गुंडाळून वाफवतात. हळदीच्या पानात उकडलेल्या कोकणातील पातोळ्यांची गोडी जाणणाऱ्याला पानाचा वास पिठात उतरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शाकाहारी प्रवाशाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. साके केवळ वनस्पतिजन्य घटकांपासून होत असले, तरी सोबाबरोबरची बुडवण, नोप्पे आणि बहुतेक रस्से दाशी नावाच्या पाण्यावर आधारलेले असतात, आणि दाशीत बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. म्हणून आधी विचारून घेणे योग्य ठरते.

युझावा आणि परतीचा बोगदा

तोकामाचीहून १९९७ मध्ये सुरू झालेल्या होकुहोकु मार्गाने एचिगो-युझावा गाठता येते. कोशिहिकारी तांदळासाठी नावाजलेले उओनुमा खोरे वाटेत लागते. युझावाच्या स्थानकातच ‘पोनशुकान’ हे साकेचे दालन आहे, जेथे भिंतीवर ओळीने बसवलेल्या यंत्रांतून प्रांतातील कुरांची साके मिळतात. ठरलेली रक्कम भरून टोकन आणि ओचोको नावाची छोटी वाटी घ्यायची, हव्या त्या कुराच्या यंत्रात टोकन टाकायचे आणि वाटी भरून घ्यायची, अशी तेथील पद्धत आहे. शेजारी निरनिराळी मिठे आणि काकडीबरोबर खाण्यासाठी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, ठेवलेले असते. मिठाच्या चिमटीने जिभेवरची चव कशी बदलते, हे तेथे प्रत्यक्ष कळते. दिवसभर पाहिलेला किनारा, खोरे आणि डोंगर यांतील फरक या वाट्यांत ओळखता आला, तर प्रवास सार्थकी लागला असे म्हणता येईल.

चाखण्याची शिस्त जपानी माणूस काटेकोरपणे पाळतो. वाटीमागे तितकेच पाणी पिण्याची प्रथा असून त्या पाण्याला ‘यावारागिमिझु’, म्हणजे सौम्य करणारे पाणी, म्हणतात. सोबत्याची वाटी आपण भरावी आणि आपली त्याने, हा शिष्टाचार आहे. मद्यपानासाठी किमान वय २० वर्षांचे आहे. मद्य घेऊन वाहन चालवणाऱ्याबरोबरच त्याला मद्य देणाऱ्यालाही आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही कायदा दोषी धरतो. साकेचा प्रवास रेल्वेनेच का करावा, याचे हे सर्वांत ठोस कारण आहे.

युझावा हे कावाबाता यासुनारी यांच्या ‘युकिगुनी’ या कादंबरीचे गाव आहे. ती कादंबरी १९३१ मध्ये खुल्या झालेल्या शिमिझु बोगद्यातून बर्फाच्या प्रदेशात येणाऱ्या आगगाडीने सुरू होते. संध्याकाळी टोकियोकडे निघालेला प्रवासी त्याच डोंगराखालून, २२ किलोमीटरहून अधिक लांबीच्या दाइशिमिझु बोगद्यातून, उलट दिशेने बाहेर पडतो. हिवाळ्यात अशा वेळी काही मिनिटांपूर्वीचा पांढरा प्रदेश संपलेला असतो आणि पलीकडे कोरड्या, निरभ्र आकाशाखाली दिव्यांची सपाटी पसरलेली दिसते. त्या सपाटीच्या वाट्याला न आलेला बर्फ डोंगराच्या अलीकडे राहिला आहे. वसंतात तो वितळेल, भातखाचरांत उतरेल, विहिरींत झिरपेल आणि पुढच्या हिवाळ्यात एखाद्या कुराच्या पिंपात पोहोचेल. एचिगोची बाटली टोकियोतील दुकानात सहज विकत मिळते, परंतु तिच्यातील पाणी कोठून आले हे दुकानात दिसत नाही. ते पाहण्यासाठी डोंगर ओलांडावाच लागतो.